शब्दांचे माहेर, शब्दांचे सासर

पनवेलहून हार्बर मार्गाची सीएसएमटी लोकल पकडली, की शेवटच्या स्थानकाच्या अलीकडे ‘मशीद’ लागते. बहुतेक प्रवाशांना वाटते, इथे एखादी मोठी मशीद असेल आणि तिच्यावरून हे नाव पडले असेल. त्या भागात मशिदी आहेतच. पण जाणकार सांगतात ती हकीकत निराळी आहे. जवळच, सॅम्युअल स्ट्रीटवर, बेने इस्रायली लोकांचे, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचे, १७९६ साली सुरू झालेले प्रार्थनास्थळ आहे. त्याचे हिब्रू नाव शार हारहमीम, अर्थ ‘दयेचे द्वार’. लोकांच्या तोंडी मात्र ते ‘जुनी मशीद’. स्थानकाचे नाव या मशिदीवरून आले, असे सांगितले जाते.

बेने इस्रायली मराठी बोलत. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावोगाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आमच्या पनवेलमध्येही त्यांचे १८४९ सालचे बेथ एल प्रार्थनामंदिर आहे. या मंडळींनी आपल्या प्रार्थनास्थळाला सहजपणे ‘मशीद’ म्हटले. त्यात कोणाला वावगे वाटले नाही. कारण मूळ अरबी ‘मस्जिद’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की जिथे माथा टेकायचा ती जागा. हाच शब्द पश्चिमेकडे गेला तेव्हा स्पॅनिशमध्ये ‘मेस्किता’ झाला, फ्रेंचमध्ये ‘मॉस्के’ झाला, इंग्रजीत ‘मॉस्क’ झाला. तिथे त्याचा अर्थ फक्त मुसलमानांचे प्रार्थनास्थळ. कोकणात मात्र त्याच्या छताखाली ज्यूही उभे राहिले.

शब्द एकच, पण गाव बदलले की अर्थ बदलतो. आज याच विषयावर थोडे बोलायचे आहे.

युरोपातले एक उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेटवस्तू. तोच शब्द, तशाच स्पेलिंगचा, जर्मन भाषेत आहे आणि तिथे त्याचा अर्थ विष! स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत तर कमाल आहे. तिथे ‘गिफ्ट’ म्हणजे विष आणि ‘गिफ्ट’ म्हणजे विवाहितही. विनोद करणाऱ्यांना यात भरपूर वाव आहे, पण गंमत बाजूला ठेवून पाहिले तर सगळ्या अर्थांचे मूळ एकच निघते: देणे. आनंदाने दिलेली वस्तू ती भेट. वैद्याने मोजून दिलेली मात्रा तेही देणेच. ग्रीक भाषेत ‘डोसिस’ म्हणजे देणे, त्यावरूनच आपण औषधाचा ‘डोस’ म्हणतो. ही मात्रा जर्मन भाषेत सरकत सरकत विषापर्यंत पोचली. आणि विवाहित का? तर मुलगी दिली म्हणून. आपणही म्हणतोच की, धाकटीला पेणला दिली, थोरलीला उरणला दिली.

म्हणजे एकाच घरातल्या बहिणी वेगवेगळ्या गावी दिल्या, तसे हे शब्द. माहेर एक, सासरे निराळी. सासरी गेल्यावर चालीरीती बदलतात, बोलणे बदलते. काही वर्षांनी भेटल्या तर चेहरा ओळखीचा वाटतो, पण बोलण्याचा अर्थ लागत नाही.

आपल्याकडे असा एक शब्द रोज कानावर पडतो. तो म्हणजे ‘तक्रार’. मराठी माणूस पाणी आले नाही की तक्रार करतो, रस्ता खोदून ठेवला की तक्रार करतो. सरकारी कार्यालयात तक्रारपेटी असते, मोठ्या दुकानात तक्रारवही असते. हा शब्द अरबी ‘तकरार’. त्याचा मूळ अर्थ पुन्हा पुन्हा करणे किंवा म्हणणे, म्हणजे पुनरावृत्ती. फारसीत तो आजही याच अर्थाने वापरतात. तुर्कस्तानात ‘तेकरार’ म्हणजे ‘पुन्हा एकदा’. कवितेच्या शास्त्रात उर्दूवाले ‘तकरार-ए-लफ्ज’ म्हणतात, म्हणजे एकाच शब्दाची आवृत्ती. पण उर्दू-हिंदीच्या रोजच्या बोलण्यात तकरार म्हणजे भांडण, बाचाबाची. गुजरातीतही तंटाच. कन्नडमध्ये ‘तकरारु’ म्हणजे हरकत, वाद. आणि मराठीत गाऱ्हाणे.

हा प्रवास कसा झाला असेल, ते आपल्याला घरबसल्या ताडता येते. एकच गोष्ट दोघे जण पुन्हा पुन्हा बोलू लागले की वाद होतो. वादात एक जण हरकत घेतो. आणि हरकत घेणारा वरिष्ठांकडे गेला की तिची तक्रार होते. प्रत्येक भाषा या वाटेवर एकेका मुक्कामाला थांबली. तुर्की पहिल्या मुक्कामाला, हिंदी दुसऱ्या, कन्नड त्याच्या जरा पुढे. मराठी चालत राहिली ती थेट कचेरीच्या दारापर्यंत.

‘फिर्याद’ची गोष्टही अशीच. फारसीत ‘फर्याद’ म्हणजे ओरडणे, आक्रोश. उर्दूत दाद मागण्यासाठी केलेला टाहो. गुजराती माणूस साध्या तक्रारीलाही ‘फरियाद’ म्हणतो. मराठीत मात्र फिर्याद म्हटले की पोलीस स्टेशन, कोर्ट, फिर्यादी आणि आरोपी. आक्रोशाचा कागद झाला. आपल्या भाषेत आलेल्या अरबी-फारसी शब्दांपैकी कितीतरी कचेरीच्या वाटेने आले. शतकानुशतके दरबाराची आणि दप्तराची भाषा फारसी होती. कुलकर्णी, देशमुख, कारकून यांच्या बोरूतून हे शब्द गावात उतरले, आणि येताना कचेरीचा अर्थ बरोबर घेऊन आले.

‘रजा’ घ्या. अरबीत ‘रिदा’ म्हणजे संतोष, संमती. उर्दूत ‘रजा’ म्हणजे मर्जी, इच्छा. मराठीत वरिष्ठाने संमती दिली की घरी बसायला मिळते, म्हणून रजा म्हणजे सुट्टी! ‘मजकूर’ म्हणजे ‘ज्याचा उल्लेख झाला आहे तो’. जुन्या कागदांत ‘मौजे मजकूर’ म्हणजे ‘वर सांगितलेले गाव’. हळूहळू जे लिहिले ते सगळेच मजकूर झाले. ‘हकीकत’ हा शब्द मी सुरुवातीलाच वापरला. उर्दूत हकीकत म्हणजे सत्य. मराठीत हकीकत म्हणजे घडलेल्या गोष्टीचे कथन. ती खरी असलीच पाहिजे, असा आपला आग्रह नसतो.

काही शब्दांनी सासरी मोठी बढती मिळवली. ‘साहेब’ हा शब्द अरबीत ‘साहिब’, म्हणजे सोबती किंवा एखाद्या गोष्टीचा धनी. पैगंबरांच्या सोबत्यांना ‘सहाबा’ म्हणतात, तो याच कुळातला शब्द. आपल्याकडे सोबती मागे पडला आणि धनी तेवढा उरला, तो खुर्चीवर जाऊन बसला. पण लोकांनी ‘बाबासाहेब’ म्हटले तेव्हा त्यातला हुकूम गळला आणि आदराबरोबर जिव्हाळा परत आला.

‘दौलत’चे उलट झाले. अरबीत ‘दौला’ आणि तुर्कीत ‘देवलेत’ म्हणजे राज्य, शासनसंस्था. आपल्या जुन्या पत्रव्यवहारातही दौलत म्हणजे राज्यच. आज तिचा अर्थ पैसाअडका एवढाच राहिला आहे.

‘तालीम’ उर्दूत शिक्षण. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याला जी शिक्षणयोजना मांडली, ती ‘नई तालीम’ या नावाने ओळखली जाते. पण पुण्या-कोल्हापुरात तालीम म्हणजे लाल माती, लंगोट आणि जोरबैठका. नाटकवाल्यांची तालीम आणखी वेगळी. तिन्हींचा धागा एकच, शिकवून तयार करणे. शरीर तयार केले, नट तयार केला, किंवा मूल तयार केले.

माझा सर्वांत आवडता शब्द ‘शिकस्त’. फारसी-उर्दूत शिकस्त म्हणजे मोडणे, पराभव. मराठीत आपण ‘प्रयत्नांची शिकस्त केली’ म्हणतो, म्हणजे मोडेपर्यंत प्रयत्न केले. उर्दू वाचणारा माणूस हे वाक्य ऐकून म्हणेल, ‘अरेरे, प्रयत्न हरले!’ आणि मराठी माणूस म्हणेल, ‘शाब्बास!’ ज्या शब्दाने एका भाषेत हार सांगितली, त्याच शब्दाने दुसऱ्या भाषेत न हरण्याची जिद्द सांगितली.

आणि एक गमतीचा. ‘गुल’ म्हणजे फूल, ‘आब’ म्हणजे पाणी. फारसीत गुलाब म्हणजे फुलाचे पाणी, सुगंधी जल. अरबांकडे ‘ग’चा ‘ज’ झाला आणि ‘जुलाब’ म्हणजे औषधाचा गोड पाक ठरला. तोच युरोपात जाऊन स्पॅनिशमध्ये ‘हुलेपे’ आणि इंग्रजीत ‘जुलेप’ झाला. अमेरिकेत पुदिना घातलेल्या एका मद्यालाही तेच नाव आहे. आपल्याकडे हकीम त्या पाकातून जे औषध देत, त्याचा परिणामच नावाला चिकटला. म्हणून मराठीत ‘गुलाब’ बागेत आणि ‘जुलाब’ दवाखान्यात. दोघे सख्खे भाऊ आहेत, असे सांगितले तर कोणाचा विश्वास बसणार नाही. शिवाय आपण ‘गुलाबपाणी’ म्हणतो तेव्हा ‘फूल-पाणी-पाणी’ म्हणत असतो, ते वेगळेच.

इथे कोणी म्हणेल, परके शब्द आहेत, ते असेच बिघडायचे. पण संस्कृत शब्दांचीही हीच कथा आहे. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. संस्कृतात ते वेदांच्या उच्चारशास्त्राचे नाव. छडी लागल्याशिवाय विद्या येत नाही, अशी आपल्याकडची जुनी समजूत या अर्थाच्या मागे असावी! ‘चेष्टा’ संस्कृतात हालचाल, हिंदी-बंगालीत प्रयत्न, मराठीत थट्टा. बंगाली माणूस ‘चेष्टा करतो’ म्हणाला तर तो मनापासून झटणार आहे. ‘संसार’ हिंदीत जग, मराठीत नवरा-बायको, मुलेबाळे आणि भांडीकुंडी. ‘राग’ संस्कृतात रंग आणि आसक्ती, हिंदीत गाण्यातला राग, मराठीत तो राग आहेच, शिवाय डोके तापते तोही रागच. म्हणजे अर्थ बदलणे हा परकेपणाचा दोष नाही. ती जिवंतपणाची खूण आहे.

मात्र एक सावधगिरी हवी. दिसायला सारखे असलेले सगळेच शब्द नातलग नसतात. मराठी ‘खाली’ म्हणजे वरच्याच्या उलट. तो आपल्या ‘खाल’, ‘खालचा’, ‘खोलगट’ अशा परिवारातला. हिंदी-उर्दू ‘खाली’ म्हणजे रिकामा, तो अरबीतून आलेला. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, फक्त चेहरा जुळला. इटालियनमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे लोणी आणि स्पॅनिशमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे गाढव, तिथेही नाते नाही. याहून नवल म्हणजे फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’. रूप जवळजवळ तेच, अर्थही तोच, तरी भाषाशास्त्रज्ञ सांगतात की दोहोंत नाते नाही, निव्वळ योगायोग. तेव्हा शब्दांची सोयरीक जुळवताना नुसते नाक-डोळे पाहून चालत नाही, कुळी तपासावी लागते.

हा सगळा कोशवाल्यांचा विरंगुळा आहे, असे समजू नका. आमच्या पनवेलकडे पाहा. पूर्वी हे बंदराचे आणि घाटावरच्या मालाचे गाव. मराठी, आगरी बोली, कोकणी मुसलमानांची बोली, गुजराती, मारवाडी अशा भाषा बाजारात नांदत होत्या. मग रेल्वे आली, सिडकोच्या वसाहती आल्या, तळोज्याचे कारखाने आले, २०१६ साली महापालिका झाली आणि २०२५ साली विमानतळही सुरू झाला. बांधकामावर, गोदामांत, रिक्षात आज उत्तर प्रदेश, बिहार, बंगालची माणसे भेटतात. त्यांची भाषा आपल्याला समजते, असे आपल्याला वाटते. घोटाळा होतो तो या ‘वाटण्यात’.

समजा, एखादा कामगार पोलीस चौकीत येऊन म्हणाला, ‘साहब, तकरार हुई है.’ तो सांगतो आहे, भांडण झाले. ऐकणाऱ्याच्या मनात येते, याची तक्रार आहे. या दोन अर्थांत एक माणूस फिर्यादी ठरू शकतो किंवा मारामारीतला एक पक्ष ठरू शकतो. समजा, दवाखान्याच्या दारात कोणी धावत येऊन ‘खून, खून’ म्हणाला. फारसीत आणि हिंदी-उर्दूत खून म्हणजे रक्त. मराठीत खून म्हणजे माणूस मारणे. त्याला रक्ताची बाटली हवी आहे आणि दारावरच्या माणसाच्या अंगावर काटा आला आहे. अगदी अनोळखी भाषा असती तर आपण दुभाष्या शोधला असता. ओळखीच्या शब्दापाशी आपण थांबत नाही, विचारत नाही. म्हणून अनोळखी शब्दापेक्षा ओळखीचा शब्द जास्त फसवतो.

शाळेतही हे घडते. उर्दू माध्यमाची मुले मराठी शिकतात तेव्हा बाईंनी ‘खाली बसा’ म्हटले तर पहिल्या दिवशी काही जण गोंधळतात. त्या मुलांना मराठी येत नाही, असा शेरा मारणे सोपे आहे. खरे तर त्यांच्यापाशी मराठीतले शेकडो शब्द आधीच असतात. जमीन, बाजार, वकील, हजर, दुकान, कागद, शाई, किंमत. त्यांना नवीन शब्द कमी आणि नवीन अर्थ जास्त शिकवायचे असतात. तसे शिकवले तर मराठी त्यांना परकी वाटत नाही.

परकेपणाचा विषय निघालाच आहे, तर आणखी थोडे. भाषेतून अरबी-फारसी शब्द काढावेत, हा विचार आपल्याकडे जुना आहे. १६७४ साली राज्याभिषेक झाल्यावर शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली झालेल्या त्या कोशात कारभारातल्या सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. नव्या राज्याला आपली स्वतंत्र ओळख हवी होती, त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पुढे सावरकरांनी दिनांक, महापौर, चित्रपट असे शब्द दिले आणि ते रुळले. चांगला शब्द कोणी दिला तर भाषा तो घेते, तिथे माझे काही म्हणणे नाही.

पण भाषा सगळेच ऐकत नाही. त्या काळी ‘पेशवा’ला ‘प्रधान’ हा शब्द दिला होता. इतिहासाने पेशवाच लक्षात ठेवला. फारसीत पेशवा म्हणजे पुढे चालणारा. आजही उर्दूत धर्मगुरूला ‘मजहबी पेशवा’ म्हणतात. मराठीत पेशवा म्हटले की शनिवारवाडाच डोळ्यांपुढे येतो. कवी माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक. त्यांनी १९२५ साली ‘फारशी-मराठी कोश’ सिद्ध केला, गझल मराठीत आणली, आणि पुढे १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ही लिहिला. एकाच माणसाने दोन्ही केले. शब्दांचे माहेर त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? मला त्यांच्या शुद्धीपेक्षा त्यांचा कोश जास्त उपयोगी पडला, एवढेच नम्रपणे सांगतो.

मी मराठीत कविता लिहितो. कार्यक्रमानंतर कोणीतरी हमखास विचारतो, ‘तुमची मातृभाषा उर्दू असेल ना? मग मराठी इतकी चांगली कशी?’ विचारणाऱ्याच्या मनात कौतुकच असते. मी सांगतो, सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला. पेशवाईत सगनभाऊंनी लावण्या रचल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांचा आवाज घुमला, त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. या सगळ्यांना काय म्हणायचे, हे शब्दच सांगतो. अरबी ‘शाइर’, ज्याला जाणीव आहे तो. उर्दूत तो ‘शायर’ झाला आणि मुशायऱ्यात बसला. मराठीत तो ‘शाहीर’ झाला, हातात डफ घेऊन चौकात उभा राहिला आणि पोवाडा गाऊ लागला. शाहीर हा शब्द आज मराठी नाही, असे म्हणण्याची कोणाची छाती होईल?

शेवटी एक शब्द सांगतो. ‘गरीब’. अरबीत गरीब म्हणजे परका, अनोळखी. तुर्कीत ‘गारिप’ म्हणजे विचित्र. उर्दूत ‘गरीब-उल-वतन’ म्हणजे देशोधडीला लागलेला, पण नुसता ‘गरीब’ म्हणजे निर्धन. मराठीत निर्धन तर आहेच, पण आपण ‘स्वभावाने गरीब’ असेही म्हणतो, म्हणजे कोणाच्या वाटेला न जाणारा. परक्या गावात माणसाला कोणी नसते, म्हणून त्याच्याकडे काही नसते, म्हणून तो मान खाली घालून राहतो. तीन भाषांतले तीन अर्थ एकापुढे एक ठेवले की एका स्थलांतरित माणसाचे चरित्र तयार होते. ही माणसे आज आपल्या स्टेशनबाहेर, नाक्यावर, इमारतींच्या पायाशी आहेत.

त्यांच्याशी बोलताना एक साधी सवय लावून घ्यावी. ओळखीचा शब्द आला तरी क्षणभर थांबावे आणि विचारावे, ‘तुमच्याकडे याचा अर्थ काय?’ त्याने खटले टळतील, औषधे चुकणार नाहीत. आणि समोरच्या माणसाला कळेल, की त्याच्याही शब्दाला कुठेतरी माहेर आहे, हे आपल्याला ठाऊक आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)